धुळाजींची नात पैगंबरांचं चरित्र अभ्यासते

उद्या अकरा वाजता केजच्या कॉलेजात माझी स्वप्नाली बोलायला उभी राहील आणि मागच्या रांगेतून कोणीतरी उठून तिच्या अंगावर धावून जाईल. संध्याकाळपासून हेच डोळ्यांसमोर येतंय.

माझी मुलगी मुहम्मद पैगंबरांच्या चरित्रावर पीएच.डी. करते. आम्ही धारूरच्या डोंगरात मेंढरं राखणारी माणसं. घरात बी.ए. झालेली पहिली सून मी, पण लेक अरबी शिकायला लागली तेव्हा मीच घाबरले. भावकीत सांगून टाकलं, स्पर्धा परीक्षा देतेय.

विषय तिला घरातच सापडला. पैगंबर तरुणपणी मक्केतल्या लोकांची मेंढरं राखत, असं परंपरा सांगते. जुन्या चरित्रकारांनी त्याबद्दल काय लिहिलं, कोणी कुणाकडून ऐकलं, सांगणारा किती भरवशाचा, हे ती तपासते. सुट्टीत आली की वही घेऊन माझ्या सासऱ्यांजवळ, धुळाजींजवळ, मेंढरांच्या वाड्यात बसते.

"आबा, आपली मेंढरं राखणं आणि लोकांची राखणं, यात फरक काय?"

"आपलं मेलं तर रडायचं. लोकाचं मेलं तर कान कापून मालकाला दाखवायचा. न्हाईतर म्हणत्यात, धनगरानं इकून खाल्लं."

"म्हणजे पुरावा."

"मग! नुसत्या तोंडाला कोण इचारतंय, पोरी?"

आज संध्याकाळी माझे दीर भागवत आले. चपला न काढता उंबऱ्यातच उभे राहिले.

"वहिनी, पोरीनं धर्म बदलला म्हणत्यात. उद्या आपली पोरं केजला जाणार हायती, जाब इचारायला."

"कोण म्हणतंय?"

"समदं गाव."

"गाव नको, भाऊजी. माणूस सांगा."

ते चिडले, पण नाव सांगितलं. किराणावाले बद्रीनाथ. मी तशीच दुकानात गेले. बद्रीनाथ तराजूवरची नजर न काढता म्हणाले, "संगीतानं सांगितलं. माझ्यावर कशाला डाफरता?"

संगीता आमची शेजारीण. भाकरी थापत होती. मी विचारल्यावर तिचा हात थांबला.

"मी? अगं, तूच रडलीस की माझ्यापाशी! म्हणालीस, परीक्षा-बिरीक्षा काय न्हाई, सगळं खोटं हाय, ती कुराण वाचती, आता ती आपली राहिली न्हाई. मग मी काय समजू?"

खरंच म्हणाले होते. स्वप्नालीनं सोयरीक नाकारली त्या दिवशी, रागाच्या भरात.

तिचे वडील बिभीषण कळप घेऊन तलवाड्याकडे गेलेत, फोन बंद. नऊ वाजता स्वप्नालीला फोन लावला आणि उद्या येऊ नकोस म्हणाले.

"का? काही झालंय का?"

"नाही गं. ऊन लई आहे."

"आई, उन्हानं कुणाचं व्याख्यान रद्द होतं का? आणि तू गावात सांगितलंस ना, मी कशावर काम करते ते?"

रेंज जातेय म्हणाले आणि फोन बंद केला.

ती सकाळी सातच्या बसनं निघेल. तिला काहीच माहीत नाही. हसत उतरेल, नेहमीसारखी पिशवीभर पुस्तकं घेऊन. जी पोरं जाणार आहेत त्यांत दोन भागवत भाऊजींची आहेत. ती पोरं बापाशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत. पोलिसांना कळवलं तर घरातल्याच पोरांची नावं द्यावी लागतील. नाही कळवलं तर काय होईल, ते लिहवत नाही.

भाऊजींना सांगावं लागेल की परीक्षेचं खोटं माझं आणि ही बातमीही माझ्यापासूनच निघाली. त्यांनी सकाळी माझ्याबरोबर जीपमध्ये बसावं आणि तिचं बोलणं संपेपर्यंत पहिल्या रांगेत बसून राहावं. ते शिव्या देतील. भावकीत माझं काय होईल, कुणास ठाऊक. एक वाजत आलाय, भाऊजी झोपले असतील. उचलेपर्यंत फोन लावत राहते.