आज काय मागवल्यान?

आमच्या घरात माणसं दोन आणि यंत्रं ढीगभर. सगळी मुलाने आणलेली. लादी पुसणारा एक चपटा डबा आहे, तो रोज देव्हाऱ्याखाली जाऊन अडकतो आणि मला बाहेर काढा म्हणून बोंबलत बसतो. बिनतेलाचं तळायचं भांडं आहे, त्यात आमचे हे कालची भाकरी कुरकुरीत करून खातात. मनगटावरचं घड्याळ मला सांगतं, बराच वेळ बसलात, आता उठा. मेल्या, मी बसले कधी होते? पण काढून ठेवत नाही. मुलाने स्वतःच्या हाताने बांधलंय.

आम्ही मूळचे मालवणकडचे, राहतो दिंडोशीच्या कॉलनीत. मुलगा एकुलता एक, तो पवईला. मध्ये अंतर किती, तर रिक्षाने अर्धा-पाऊण तास. तेवढ्यासाठी भाड्याची जागा कशाला, म्हणून मी भांडले होते. तर म्हणाला, "आई, लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये आयुष्य जाईल यार." आईला यार! नोकरी मात्र झकास होती, कॉम्प्युटरची, काचेच्या इमारतीत. पहिली मोठी खरेदी काय केली, तर कॉफीचं मशीन. ते बघायला आम्हा दोघांना मुद्दाम बोलावलं. त्याने दाणे दळले, वाफ सोडली, घरभर आवाज केला आणि शेवटी भातुकलीतल्या कपात दोन घोट काळं पाणी पुढे ठेवलं. आमच्याकडे कॉफी म्हणजे एकादशीची, सायीच्या दुधाची, वर जायफळ किसलेली. ह्यांनी कपात डोकावून विचारलं, "काय रे, ह्यो काढो कसलो?" पोरगा पोट धरून हसला. तो हसला की त्याचे डोळे मिटतात. हे मी हल्ली मुद्दाम आठवून ठेवते.

त्याच सुमाराला त्याने माझ्या फोनमध्ये किराण्याचं ॲप घातलं. वाण्याकडे जायला चपला शोधेपर्यंत सामान दारात, अशी ती जादू. पण त्यात म्हणे नंबर घाला, मग ओटीपी येतो, तो घाला. मला ओटीपी म्हटलं की घाम फुटतो. उद्या कोणी लुबाडलं म्हणजे? मी हात लावेना. शेवटी वैतागून त्याने स्वतःचाच नंबर टाकला. "तू माझंच अकाउंट वापर. माझ्या पत्त्याखाली आपल्या घरचाही पत्ता घातलाय, तुझे पैसे तुझ्या फोनवरून. बस्स?" झालं, एक खातं आणि दोन फोन. मी कोथिंबीर मागवली की त्याच्या ऑफिसात टिंग, त्याने वेफर्स मागवले की माझ्या ओट्यावर टिंग. मी लगेच फोन लावायची, "काय रे, परत वेफर्स?" तो म्हणायचा, "तू पोलिसात का नाही गेलीस गं?"

मग त्याची नोकरी गेली. त्याच्या एकट्याची नाही, बरोबरच्या पुष्कळांची. आम्हाला कळलं ते मेसेजने: जॉब गेला, मी ठीक आहे, सध्या फोन करू नका, मीच करीन. आता आई-बाप कुठले ऐकतात? आम्ही केले. तो उचलेना. जेवलास का म्हणून मी लिहायची. निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही. हे एकदा तणतणत पवईला गेले. दारातच तो म्हणाला, "बाबा, प्लीज. आत्ता नको." हे परत आले, चपला काढल्या आणि टीव्ही लावून बसले. गणपतीला गावी चल, असा निरोप त्याच्या मित्राकडून धाडला. आमच्याकडचा माणूस एक वेळ स्वतःच्या लग्नाला उशिरा जाईल, पण गणपती चुकवणार नाही. तो आला नाही. गावात विचारलं त्यांना आम्ही सांगितलं, सुट्टी मिळाली नाही.

उरलं ते टिंग. त्याच्यावरच आम्ही जगायला लागलो. ते वाजेपर्यंत माझा कामात जीव लागायचा नाही. दुपार टळली की वाजायचं. नूडल्स, चिवडा, थंड कॉफीचा डबा. पुढे थंड कॉफी गेली आणि गरम पाण्यात ढवळायच्या पुड्या आल्या. एवढ्या हौसेने मशीन घेतलेला मुलगा पुड्या का मागवतो? मशीन बिघडलं, की विकलं, की दाणे दळायचंही त्राण नाही? विचारायचं कोणाला! संध्याकाळी चहाला बसलो की हे वर न बघता म्हणायचे, "गो, आज काय मागवल्यान?" कोणी, ते बोलायचे नाहीत. मी वाचून दाखवायची. "नुसतो चिवडो खाऊन माणूस जगता काय?" एवढं पुटपुटून बशी तोंडाला लावायचे.

ऑर्डर दिली की ते ॲप मिनिटभर विचारत राहतं, आणखी काही राहिलं का? ते माझ्या फोनवरही विचारायचं. राहिलं का म्हणजे? सगळंच राहिलंय रे बाबा! एक दिवस मी धीर करून बोट लावलं आणि त्याच्या नूडल्सबरोबर केळी घातली. पैसे माझ्याकडून गेले, केळी पवईला गेली. म्हटलं, आता निदान ओरडायला तरी फोन करील. नाही केला. पण परतही पाठवली नाहीत. हे म्हणाले, "घेतल्यान मां? मग बरां."

मग काय, मला चटकच लागली. कधी दही, कधी राजगिऱ्याचे लाडू, कधी उकडलेले शेंगदाणे, त्याच्या चिवड्याच्या आडून गुपचूप. तो शाळेत असताना त्याच्या डब्यात बटाट्याच्या भाजीखाली मी पालक लपवायची. तो तोंड वाकडं करायचा, पण डबा रिकामा आणायचा. तसंच चाललंय असं मला वाटत होतं. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मी सुखात होते.

आणि एका दुपारी टिंग वाजलं, बघते तर नूडल्स, कॉफीच्या पुड्या आणि केळी. मी काहीच घातलं नव्हतं. चष्मा पुसून परत वाचलं. केळी त्याने मागवली होती, स्वतःहून. अगं बाई! कढईत फोडणी जळली तरी मला पत्ता नाही, मी फोन घेऊन बाहेर धावले. ह्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, म्हणाले, "चष्म्याचो नंबर वाढलो वाटता." आणि डोळे पुसत आत गेले. पुढच्या खेपेला केळी आणि दही. त्याच्या पुढे अंडी. पोरगं माणसात येतंय असं आम्ही धरूनच चाललो. मी मग फार वाट पाहिली नाही. सकाळी उठून आंबोळ्या घातल्या, काळ्या वाटाण्याचं सांबार केलं आणि डबा घेऊन निघाले. हे रिक्षापर्यंत आले. "मी नाय येत. तू जा. माका येऊन सांग काय ता."

त्याने दार उघडलं. दाढी वाढलेली, गाल बसलेले. चिडला नाही. "ये," म्हणाला आणि बाजूला झाला. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

ओट्यावर केळी होती. काळी पडलेली, पाणी सुटलेली, अख्खीच्या अख्खी. शेजारी दह्याचे डबे, झाकणं फुगून वर आलेली. राजगिऱ्याच्या लाडवांची पाकिटं एकावर एक नीट रचून ठेवलेली, एकही फोडलेलं नाही. कोपऱ्यात कॉफीचं मशीन, वायर गुंडाळलेली, वर धूळ.

"अरे, ही वरची केळी मी नव्हती घातली," मी म्हटलं. "ही तूच मागवलीस ना?"

"हो."

"मग खाल्ली का नाहीस?"

तो टोपात पाणी ठेवत होता, माझ्याकडे पाठ करून. "तू बघतेस ना, आई. तुला बरं वाटावं म्हणून मागवतो."

मी तिथल्या खुर्चीवर बसले. त्याने पुडी फोडली, कपात ओतली, ढवळत राहिला.

"रोज विचार करतो, आज आईला काय दिसायला पाहिजे. केळी दिसली की खुश होईल. अंडी दिसली की बाबांना सांगेल." आवाज अगदी साधा. "दमतो गं मी त्याने. मला नाही जमत आता."

मी म्हटलं, घरी चल. तो म्हणाला, नको. मी म्हटलं, कोणी काही विचारणार नाही, नुसता पडून राहा. तो म्हणाला, "तुम्ही विचारत नाही तेव्हा जास्त ऐकू येतं." मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ या. "जातो मी. गोळ्या चालू आहेत. भूक लागत नाही, बस्स." माझ्याजवळचं सगळं संपलं.

कॉफी त्याने माझ्या हातात दिली. दूध नव्हतं. मग हात पुढे केला, "फोन दे जरा." मी दिला. त्याने काहीतरी दाबलं, माझा नंबर टाकला. ओटीपी आला, तो वाचून घातला. "हा कोणाला सांगायचा नसतो, लक्षात ठेव हं," म्हणाला. मला जवळ बसवून कुठलं बटण कशाचं ते दाखवलं, न कंटाळता, दोनदा. "हे घे. आता तुझं वेगळं अकाउंट."

"आणि तुझं?"

"माझं माझ्याकडे."

इतक्या गोडीने बोलला तो. भांडून तोडलं असतं तर पुन्हा भांडून जोडता आलं असतं. मी ती कडू कॉफी तळापर्यंत प्यायले, कारण ती त्याने केली होती. निघताना म्हटलं, आंबोळ्या आजच खा, उद्या वातड होतील. तो "हो" म्हणाला. ते हो कसलं होतं ते मला कळतं. मी जन्म दिलाय त्याला.

साकीनाक्याकडून आलेली एक रिकामी रिक्षा मिळाली. तिच्यात बसून फोन उघडला. ॲपमध्ये सगळं कोरं. तुमचं स्वागत आहे, पहिली ऑर्डर करा, म्हणत होतं. पत्ता एकच, आमचा. मी रिक्षात मोठ्याने रडले. ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि गाणं बारीक केलं.

हे गॅलरीतच उभे होते. मी चपला काढायच्या आत, "जेवलो काय तो?"

त्या तोंडाकडे बघून मला खरं बोलवेना. "जेवला. माझ्यासमोर बसून खाल्ल्या आंबोळ्या." ह्यांनी मान हलवली आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःहून चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बशीत चहा ओतता ओतता विचारलंच. "गो, आज काय मागवल्यान?"

मी चष्मा लावला, फोन उघडला. समोर माझीच कोथिंबीर होती, माझंच आलं. मी वाचलं, "दूध, अंडी." मग जरा थांबून, "आणि केळी."

"मग बरां."

तेव्हापासून हे रोजचं झालंय. दुपारपासूनच मी विचार करत बसते, आज ह्यांना काय ऐकू यायला पाहिजे. सगळंच पौष्टिक सांगितलं तर संशय येईल, म्हणून मधूनच चिवडा घालते. कालचं काय होतं तेही लक्षात ठेवावं लागतं. दमायला होतं. काल काही सुचेना, तर ताक म्हणून मोकळी झाले.

ह्यांनी बशी खाली ठेवली. "ताक? त्येका ताक आवडना नाय."

"आता आवडायला लागलंय," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघत राहिले, फोनकडे नाही, माझ्याकडे. मग बशी उचलली.

"मग बरां," म्हणाले.