दोन्ही वायरी लाल पट्टीत

सर्व्हरच्या खोलीत बावीस वर्षं काढलेल्या त्या बाईंना सगळे वायरमावशी म्हणत. मावशींची शिस्त मोठी कडक. प्रत्येक यंत्राला विजेच्या दोन वायरी, एक सॉकेटांच्या लाल पट्टीत, दुसरी निळ्या पट्टीत; दोन्ही पट्ट्यांना वीज वेगवेगळ्या लाइनवरून. नेटवर्कच्या केबलीही दोन, वेगवेगळ्या वाटांनी नेलेल्या. आणि कुठलीही पट्टी निम्म्याहून जास्त भरायची नाही, कारण एक गेली की दुसरीवर दोघींचं ओझं पडतं. रिकामं सॉकेट बघून कुणी हुरळलं की मावशी म्हणत, "जागा दिसली म्हणून बसायचं नसतं रे, पेलवेल का ते बघ आधी."

त्या दिवशी एका हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. पेशंटची माहिती असलेली यंत्रं इथे ठेवायची की नाही, ते त्या ठरवणार होत्या. त्या नाही म्हणाल्या तर महिनाअखेर खोली बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मॅनेजर गोड गोड बोलत त्यांना फिरवत होता. मावशींना गोड बोलणं जन्मात जमलं नाही. "मी लाल लाइन बंद करते, तुम्हीच बघा," म्हणाल्या, आणि खटका ओढला.

सगळी यंत्रं निळ्या लाइनवर तगली. फक्त कोपऱ्यातलं, ऑफिसच्या हजेरीचं यंत्र गप्प झालं. मावशींनी गुडघे टेकून मागे पाहिलं. दोन्ही वायरी लाल पट्टीत! वायरींवरच्या चिठ्ठ्यांचं अक्षर त्यांचंच होतं.

मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. तो कानाशी लागला, "मावशी, यंत्र जुनं होतं म्हणून गेलं, असं सांगा ना!"

खरं सांगायचं तर तुम्ही-आम्ही तेच सांगून मोकळे झालो असतो.

"यंत्र ठणठणीत आहे," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "चूक माझी. दोन्ही वायरी मीच एकीकडे लावल्यात." एक वायर काढून त्यांनी निळ्या पट्टीत घातली. लाल लाइन अजून बंदच होती, तरी यंत्र उठलं. मग वहीत चूक लिहून त्यांनी खाली स्वतःचं नाव घातलं.

डॉक्टरीणबाई ते बघत होत्या. "आमच्या यंत्रांच्या वायरी कोण लावणार?"

"दुसरा माणूस देतो, मॅडम!" मॅनेजर घाईघाईने म्हणाला. "आजच देतो."

"मग राहू द्या," त्या म्हणाल्या. "ह्या लावणार असतील, तरच आणते."