एकाच जागेवरची रेघ

पंढरीनाथ कोरडे परदेशीपुऱ्यातल्या कापड गिरणीत सत्तावीस वर्षं छपाई खात्यात होता. मीही त्याच खात्यात होतो. छपाईच्या रुळावरचा जादा रंग पुसणारी पोलादी पट्टी त्याच्या ताब्यात असे. तिला बारीक खाच पडली तरी सबंध थानावर, म्हणजे कापडाच्या अख्ख्या ताग्यावर, रेघ उमटते. त्याच्या पाळीतलं थान परत आलेलं मला आठवत नाही.

गिरणी बंद झाली. सदुसष्टाव्या वर्षी भाचा हृषीकेश त्याला एका इंजिनिअरिंग कॉलेजात घेऊन गेला. हृषीकेश तिथे प्रयोगशाळेत कंत्राटी टेक्निशियन. यशोधरा मॅडम पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाचे, उजेड ओळखणारे सेन्सर बनवत होत्या. आधी काच गरगर फिरवून तिच्यावर द्रव टाकत. नखाएवढ्या काचेवर थर छान बसे, पण बराच द्रव उडून वाया जाई आणि मोठी काच जमत नसे. मॅडमना पोस्टकार्डाएवढी हवी होती. त्यासाठी गरम काचेवरून पट्टीने द्रव ओढायचा, एका वेगात, न थांबता. मोटारीचं यंत्र मंजूर व्हायचं होतं. तोवर पंढरीचा हात.

पहिल्या चाळीस काचा त्याने स्वतःच बाद केल्या. एका काचेला अकरा सेकंद. दहा नाही, बारा नाही. दोन महिन्यांनी पिवळा द्रव वाळून एकसारखा तपकिरी थर बसू लागला.

सेन्सर बघायला एका कंपनीची माणसं येणार होती, त्याच आठवड्यात ते बिघडले. अंधारातही त्यांतून वीज वाहू लागली. मॅडमनी अहवालात कारण लिहिलं : हाताच्या चालीतला फरक.

पंढरीने बिघडलेल्या बारा काचा मागून घेतल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या. प्रत्येकीवर डाव्या कडेपासून दोन बोटं आत एक रेघ होती.

"मॅडम, हात चुकला तर रेघ जागा बदलते. ही बदलत नाही. पट्टीला खाच आहे."

पट्टी धुऊन कपाटात ठेवणं हृषीकेशचं काम. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं.

"मामाच रोज दगडावर घासतात ती," हृषीकेश म्हणाला. "मॅडम, आता उमर झाली त्यांची. मीच आणलं, माझीच गलती."

पंढरीने पट्टी उचलून खाच बघितली आणि ती परत टेबलावर ठेवली. मॅडम म्हणाल्या, "पंढरीनाथजी, तुम्ही थोडे दिवस आराम करा."

नवी पट्टी आली, काचा स्वच्छ निघाल्या. अहवालातली ओळ बदलली : पट्टी हाताळणाऱ्याचा निष्काळजीपणा. पंढरीला परत बोलावणं आलं नाही.

पुढे चहाच्या ठेल्यावर हृषीकेश मला भेटला. पंढरीकडून सगळं ऐकलं होतं; खाच कशी पडली, मी सरळ विचारलं.

"काका, काचेला टेप चिकटली होती. खरवडली मी पट्टीने. जल्दी में होतो."

"मग सांगायचं होतंस."

"माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये रिन्यू व्हायचं होतं. मामांचं काय, रिटायर आदमी. त्यांचं कोण काय बिघडवणार?"

मी हे पंढरीला सांगितलं.

"खाच बघितली तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "दगडाने धार झिजते, खाच पडत नाही."

"मग तिथेच बोलला का नाहीस?"

"थांबलो होतो. म्हटलं, आता बोलेल तो. बहिणीचा मुलगा आहे."

यंदा राखीला बहीण आली. हृषीकेश खाली मोटरसायकलवर बसून होता. पंढरीने राखी बांधून घेतली, बहिणीला जेवायला वाढलं. त्याला वर बोलावलं नाही.