पुठ्ठ्यावरचा नवरा

ज्ञानू गेला, पण पुण्यानुमोदनाला हार घालायला त्याचा धड फोटोच नव्हता. आधार कार्डावर माणसाऐवजी काळा डाग उमटलेला. मग त्याची बायको फुलाबाई वेल्ह्याच्या बाजारातून रद्दी घेऊन आली. बियाण्याच्या पाकिटावरच्या शेतकऱ्याचं कपाळ, साबणाच्या जाहिरातीतली मिशी आणि निवडणुकीत पडलेल्या कुण्या उमेदवाराचे डोळे कापून तिनं खळीनं पुठ्ठ्यावर नवरा चिकटवला.

पुण्याहून आलेला मुलगा सम्राट पाहुण्यांदेखत खेकसला, “आये, लाज काढलीस! बाबा असं दिसायचं व्हय?”

“मग कसं दिसायचं? तूच कर की,” म्हणत तिनं कात्री त्याच्या हातात दिली.

सम्राटला बापाचं तोंड आठवेना. त्यानं खिशातले दोन्ही मोबाईल चाळून काढले. दोन्हींत फक्त तो स्वतःच हसत होता.