अक्कांनी नापास केलेली झाडं

रोप घ्यायला आलेला माणूस रोपाबद्दल कमी आणि घराबद्दल जास्त बोलतो. नशिराबादजवळ हायवेला माझी नर्सरी आहे, त्यामुळे ऐकलेलं इतकं साठलंय की कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. हल्ली सगळ्यांना एकच हवं असतं, लो-मेंटेनन्स बाग. म्हणजे सगळं हिरवं पाहिजे, हात मात्र लागायला नको!

*

दीपनगरचे एक रिटायर्ड साहेब आले. पानं न गळणारं झाड द्या म्हणाले, झाडझूड होत नाही. मी गमतीत म्हटलं, मग फ्लेक्सवर छापून घ्या. साहेब हसले नाहीत.

"तो विचार झाला. उन्हात रंग उडतो."

*

भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या एक मॅडम निवडुंग घेऊन गेल्या आणि महिन्यात कुजलेला परत घेऊन आल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, घरात माणसं चार. बाकीचे विसरत असतील म्हणून प्रत्येक जण गुपचूप पाणी घालत होता. त्या झाडाइतकं लाडाचं मरण मी दुसरं पाहिलं नाही.

*

अक्का मात्र वेगळ्या. मूळच्या धुळ्याकडच्या, त्यांचे यजमान नाना रेल्वेतून रिटायर झाल्यावर दोघं जळगावात राहायला आलेली. घरापुढे चार पावलांचं अंगण. वैशाखात त्या सहा कुंड्या घेऊन गेल्या आणि पंधरा दिवसांनी त्यातली तीन वाळलेली रोपं पिशवीत घालून परत आल्या. आता भांडण होणार म्हणून मी तयारीत उभा होतो.

अक्कांनी रोपं टेबलावर ओळीनं मांडली. पंधरा दिवस मुद्दाम एक थेंब पाणी घातलं नव्हतं म्हणे. "ही तीन नापास," म्हणाल्या आणि परीक्षेसाठी आणखी तीन घेऊन गेल्या.

*

पुढच्या खेपेला मी ठिबक सुचवलं, टायमर लावलेलं. अक्कांनी विचारलं, लाईट गेली तर? शिवाय नानांना टायमर जमणार नाही. ते गॅसवर दूध विसरतात, एकदा चष्मा फ्रिजमध्ये ठेवून दिवसभर शोधत होते. मी चेष्टेनं म्हटलं, अक्का, तुम्ही आहात ना पाणी घालायला, एवढी परीक्षा कशाला?

त्या बाकावर बसल्या. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतचं सांगितलंय, म्हणाल्या. नानांना ठाऊक आहे, पण ते त्या विषयावर बोलतच नाहीत.

"मना मांगे एक बी झाड मराले नको, भाऊ. एक बी मरनं का हाऊ मानूस सोताले दोष देत बसी."

मला माझ्या चेष्टेची लाज वाटली. त्या दिवशी दुसऱ्या कुठल्याच गिऱ्हाइकाशी मी धड बोललो नाही.

*

पास झालेली झाडं लावायला मी स्वतः गेलो. अडेनियम, कोरफड, कण्हेर, कुंपणाला बोगनवेल. माती लवकर सुकू नये म्हणून वर नारळाच्या शेंड्या अंथरल्या. अक्का खुर्चीत बसून जागा दाखवत होत्या, नाना घमेल्यानं माती आणत होते. मधेच त्यांनी विचारलं, गुलाब कसा नाही? दरवर्षी तर असतो.

"कंटाळा आला गुलाबाचा," अक्का म्हणाल्या. नानांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा माती आणायला गेले. मी खाली मान घालून खड्डा करत राहिलो. खड्डा खरं तर आधीच पुरेसा खोल झाला होता.

*

अक्का भाद्रपदात गेल्या.

दसऱ्याच्या आसपास नाना एकटेच नर्सरीत आले. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकीच्या काजात. मला वाटलं, एखादं झाड गेलं की काय! विचारलं, तर म्हणाले, नाही, सगळी आहेत. महिनाभर पाणी घालायचं सुचलंच नाही, तरी एकही गेलं नाही. कण्हेरीला तर फुलं आलीत.

मग बराच वेळ ते कुंड्यांच्या रांगांमधून फिरले. परत येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"रोज पानी मांगस असं एखादं झाड दे."

माझ्याकडे अळू होतं. मी जपूनच सांगितलं, नाना, एक दिवस विसरलात तर संध्याकाळपर्यंत मान टाकेल.

"मंग तेच दे," नाना म्हणाले.