बसलेल्या तीन, उभ्या सहा
माझ्या मुलीच्या गणिताच्या वहीत मी लाल पेनाने बरोबरची एक खूण केली होती. नंतर त्या खुणेची मला जितकी भीती वाटली, तितकी आजवर कशाचीच वाटलेली नाही.

अंबाजोगाईत एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मोबाईलवर गाजलेल्या एका पॉप गायिकेचा कार्यक्रम ठरला होता. प्रवेश फुकट. आमच्या गावच्या शाळेतल्या मॅडमनी सातवीच्या वर्गाला तीन आठवडे त्या एका कार्यक्रमावरच सगळे विषय शिकवले. मराठीच्या तासाला पोरांनी जाहिरात लिहिली. भूगोलाला गावापासून मैदानापर्यंतचा नकाशा काढला. विज्ञानाला डब्याच्या तोंडावर फुगा ताणून बसवला, वर साखरेचे दाणे टाकले आणि गाणं लावल्यावर ते कसे उडतात ते पाहिलं. गणिताला मैदान होतं.

मी दूध संकलन केंद्रावर फॅट लावतो, म्हणजे मशीनवर दुधातली चरबी मोजतो, आणि शाळेच्या समितीवर आहे. म्हणून मॅडम म्हणाल्या, "भाऊ, तुमी आकड्याला पक्के हायत. गणित तुमी तपासा."

मैदानात बांबू बांधून बायकांची आणि पुरुषांची बाजू वेगळी केली होती. केंद्राचं फॅटचं मशीन दुरुस्तीला घेऊन अंबाजोगाईला गेलतो, तेव्हा बायकांची बाजू मी स्वतः टेप लावून मोजली. वीस मीटर बाय पंधरा, म्हणजे तीनशे चौरस मीटर. दार एकच. शाळेच्या अंगणात मॅडमनी खडूने एक मीटरचा चौकोन आखला आणि त्यात गावातल्या बायांना मांडी घालून बसवलं. तिघी मावल्या. म्हणजे नऊशे बाया. त्या दाराएवढ्याच रुंदीच्या शाळेच्या फाटकातून पोरं बाहेर काढून पाहिली, तर मिनिटाला साठ. नऊशे भागिले साठ, पंधरा मिनिटं. मी खूण केली.

त्यावरून मॅडमनी ठरवलं की शेवटचं गाणं झालं की मुलींनी मागच्या भिंतीला टेकून पंधरा मिनिटं बसायचं, गर्दी निघून जाऊ द्यायची, मग उठायचं.

दोन जीप करून आम्ही निघालो. मुली अकरा, मुलं चौदा. अकरातल्या सात जणींचे आईबाप ऊसतोडीला गेले होते. त्यांना फोनवर मीच म्हणालो होतो, "काळजी करू नका, हिशोब करून नेतोय."

दारावर मी मुलींबरोबर आत निघालो, तर एका स्वयंसेवकाने हात आडवा घातला. "ओ काका, तिकडं बायकांचं हाय. साडी नेसून आलात का?" मागची माणसं हसली. मुलगी मॅडमच्या मागे आत गेली आणि मी मुलांना घेऊन पुरुषांच्या बाजूला आलो.

गायिका स्टेजवर आली आणि सगळं मैदान उभं राहिलं. पहिलं गाणं संपलं तरी कोणी बसलं नाही. दुसरं संपलं तरी नाही. आमच्याकडे कार्यक्रम म्हणजे कीर्तन, सभा, नाहीतर पंगत. तिन्हींतही माणूस खाली बसतो. शाळेत, घरी, केंद्रावर, कोणालाच दुसरं सुचलं नव्हतं. मी बांबूवरून पलीकडे पाहिलं आणि एक मीटरचा चौकोन अंदाजाने धरून डोकी मोजली. सहा. पुन्हा मोजली. सहाच.

म्हणजे अठराशे बाया. म्हणजे तीस मिनिटं. आणि आमच्या मुली पंधराव्या मिनिटाला उठून दाराकडे जाणार, जेव्हा दारात अजून नऊशे बाया असतील.

मॅडमना फोन लावला. लागेना. गर्दीत कोणाचाच लागत नव्हता. पुढची गाणी मी ऐकली नाहीत. उजेड असतानाच कार्यक्रम संपला. पुरुष बाहेरच्या बाजूचे बांबू ओलांडून भराभर निघाले. मुलांना जीपमध्ये बसवलं, ड्रायव्हरला म्हणालो, "एकालाबी खाली उतरू देऊ नको," आणि बायकांच्या दाराशी धावलो. आत जायला वाट नव्हती. बाहेर येणारी प्रत्येक बाई मी मोजू लागलो.

शेजारचा एक माणूस म्हणाला, "कावून मोजायलात? मेंढरं हायत का?"

"माझी पोरगी आत हाय."

"माझी बायकोबी आतच हाय. मी मोजतोय का?"

दहाव्या मिनिटाला एक म्हातारी चप्पल न घालता बाहेर आली. बाराव्याला दाराचा बांबू कडकडला आणि आतून बायकांचा ओरडा आला. पंधराव्या मिनिटाला माझी मोजणी नऊशेवर आली आणि दारातली गर्दी तशीच होती. सातही जणींच्या आयांचे आवाज मला फोनवर ऐकू यावेत तसे ऐकू येत होते. विसाव्याला मोजणी चुकली. पुन्हा धरली नाही. दारातून येणारा प्रत्येक चेहरा नुसता पाहत राहिलो.

एकतिसाव्या मिनिटाला दार मोकळं झालं आणि मुली एकमेकींचा हात धरून ओळीने आल्या. शेवटी मॅडम.

"पंधराला मी उठा म्हणलं होतं," मॅडम म्हणाल्या. "तुमची पोरगी उठंना. म्हणली, उत्तर चुकलंय. मी म्हणलं, करून दाखव. भिंतीशी बसून, संगं आणलेल्या वहीत करून दाखवलं तिनं."

मुलगी माझ्याकडे पाहत म्हणाली, "पप्पा, बाया बसल्याच न्हाईत. उभ्या सहा मावतात. तुमी बरोबरची खूण कावून केली?"

"मी बसलेल्या धरल्या," मी म्हणालो.

"मॅडमबी तसंच म्हणल्या."

दोन्ही जीपमध्ये मिळून मी सगळ्यांना मोजलं. पंचवीस. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा सुरू केलं, तेव्हा एक मुलगी हसून म्हणाली, "काका, आमी आता बसलेल्या हाव." सगळी जीप हसली. मी मात्र माझ्या जीपमधली डोकी मोजतच राहिलो. गावाची कमान येईपर्यंत थांबलो नाही.

ऊसतोडीच्या फडावर फोन लावले. सातही घरी सांगितलं की पोरी सुखरूप आल्या. हिशोबाचं मात्र एकालाही सांगितलं नाही. ते आज इथे लिहितो आहे.