रुंद कपाळाचे मांगूर

राळेगाव तालुक्यातल्या त्या गावात कुणाला बैल घ्यायचा असला, की तो आधी किसनरावांना गाडीवर मागे बसवतो आणि मग बाजाराची वाट धरतो. अशी रीतच पडली आहे. बाजारात किसनराव बोलत नाहीत. गोऱ्ह्याभोवती एक फेरी मारतात, दात बघतात, खूर बघतात आणि शेवटी त्याच्या कपाळावर पालथा पंजा टेकवतात. पंजा मावला तर घ्यायचा, नाहीतर चहा पिऊन परत यायचं. "कपाय रुंद असलं का जनावर खोटं निंगत नाही," असं ते सांगतात. आता इतकी वर्षं ते खरं ठरलं म्हणायचं. निदान खोटं ठरलं म्हणून भांडायला अजून कुणी दारात आलेलं नाही.

शेततळं खणलं ते कपाशीला पाणी द्यायला. पण तळ्यात पाणी नुसतं बसून आहे हे किसनरावांना बघवेना. अशात एक टेम्पोवाला प्लास्टिकच्या टाक्यांत मांगराची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, घेऊन गावात आला. मांगूर म्हणजे मिशावाला, बिनखवल्याचा, चिखलात राहणारा मासा. "देशी हाय काका, एक नंबर," टेम्पोवाला म्हणाला. दुसऱ्या कुणी गंजभर मोजून घेतली असती. किसनरावांनी टाकीशेजारी बाज टाकायला लावली आणि एकेक पिल्लू तळहातावर घेऊन निवडायला बसले. डोकं रुंद असलं की बादलीत, बारीक असलं की परत टाकीत. टेम्पोवाला एकदा जेवला, एकदा झोपला, उठून परत जेवला.

"मासोयी हाय का बैल?" इंदूबाई, त्यांची बायको, बांधावरून ओरडल्या. "वखराले जुपाचे हाय का?"

"तुले नाही समजत," किसनराव म्हणाले.

निघताना टेम्पोवाल्यानं कंटाळून टाकीत उरलेली बारक्या डोक्याची दोन ओंजळी पिल्लं वरून फुकट बादलीत घातली. "काका, अशी पारख म्या कोठीच नाही पाह्यली," असंही म्हणाला. त्याच्या बोलण्यातलं तेवढंच खरं असावं.

मासे वाढले, आणि कसले वाढले! वर्षभरात कोपरापासून बोटांपर्यंत लांब झाले. किसनराव बांधावर येऊन खोकले की सगळं तळं काठाशी गोळा व्हायचं. मग ते सरकीच्या ढेपेचे गोळे एकेक करून टाकायचे, दांडग्यानं दुसऱ्याचा घास पळवला तर त्याला शिव्या द्यायचे. विकायची वेळ कधीच होऊन गेली होती. "विकू ना," म्हणायचे, आणि व्यापाऱ्याचा फोन आला की रेंज नाही म्हणून ठेवून द्यायचे. माझ्या बाळंतपणात हा माणूस एवढा जागला नाही, असं इंदूबाई शेजारणींना सांगत. रागानं नव्हे, एक माहिती म्हणून.

पोळा झाला आणि मत्स्यखात्याच्या अनघा मॅडम तालुक्यातली शेततळी तपासत गावात आल्या. टेम्पोतून आलेल्या मांगरात थाई मांगूर निघतो आहे, असं त्यांच्या कानावर आलं होतं. त्या मांगरावर बंदी आहे. निघाला की सगळा नष्ट करायचा. बरोबर जाळं टाकायला फकिरा भोई होता. गावतलावातल्या मासोळीवर फकिराचं घर चालतं.

"भाऊच्या तयात काय निंगते!" फकिरा म्हणाला. "भाऊनं स्वता निवडेल हाय एकेक."

त्यानं जाळं फेकलं. पहिला मासा आला तो मॅडमनी ओल्या फडक्यात धरला आणि डोक्यावरून बोट फिरवलं.

"हे बघा, डोकं लहान आहे. मागचं हाड एकाच टोकाचं, निमुळतं. हा देशी. थाई मांगराचं डोकं रुंद असतं, चांगलं चपटं आणि मोठं, आणि हाडाला मागे तीन टोकं. दिसायला दोघं भाऊ, पण तो तोंडापुढे येईल ते खातो. तळं भरून वाहिलं आणि नाल्यातून हा तुमच्या गावतलावात शिरला, तर दोन वर्षांत तिथं दुसरी मासोळी दिसणार नाही."

किसनरावांनी तळ्याकडे बघितलं, मग वर. तळं काठोकाठ भरलं होतं आणि आभाळही भरून आलं होतं.

मॅडमनी मासा पाण्यात सोडला, हात पुसले. आणखी दोन गावं व्हायची होती. "काका, तुमची पारख चांगली आहे असं सगळेच सांगतात. बाकीचे असेच आहेत ना? तुम्ही सांगा, मी तसं लिहिते."

एक 'हो' म्हणायचा होता. फकिरा जाळं गुंडाळायलाही लागला होता. किसनरावांनी त्याच्याकडे बघितलं आणि नको तेव्हा त्यांना खोकला आला. सगळं तळं काठाशी गोळा झालं. त्यांनी गुडघाभर पाण्यात उतरून त्यातला एक दांडगा दोन्ही हातांनी उचलला. मासा जराही धडपडला नाही, हाताची सवय होती त्याला.

"नाही म्याडम. हा देशी नोहे," ते म्हणाले. "अन् बाकीचे असेच हायेत. म्याच निवडले."

दुसऱ्या दिवशी इंजिन लावून पाणी उपसलं आणि बांधापलीकडे खड्डा खणला. देशी तेवढे वाचवायचे, थाई पुरायचे. चिखलात बसून निवडायचं काम किसनरावांनी मागून घेतलं. मॅडमनी सुरुवातीचे पाचपन्नास तपासून बघितले, एकही चुकला नव्हता, तेव्हा त्या बांधावर जाऊन बसल्या. देशी बादलीत, थाई टोपलीत. बादली एक भरायची तीही भरली नाही. टोपली फकिरा उचलून नेत होता आणि रिकामी करून आणत होता.

"भाऊ, तुमी उठा, मी करतो," तो एकदा म्हणाला.

"तुले नाही जमत," किसनराव म्हणाले.

शेवटची टोपली गेल्यावर ते तिथंच बसून राहिले. डोळ्यांना धार लागली होती आणि पुसायला एकही हात कोरडा नव्हता.

"चुना गेला डोयात," ते म्हणाले.

खड्ड्यात टाकायच्या चुन्याच्या पोत्यावर इंदूबाई बसल्या होत्या. पोत्याची शिवण अजून उसवायची होती.

"हो ना," त्या म्हणाल्या, "सकायपासून उडूनच राह्यला."